न दुखणारं गोंदण

पन्नाशी ओलांडल्यावर मी छातीवर गोंदवून घेतलं. फूल नाही, पाखरू नाही, कुणाचं नाव तर नाहीच. जे जन्माने दिलं होतं आणि डॉक्टरांनी काढून घेतलं होतं, तेवढंच परत रंगवून घेतलं. कॅन्सरमध्ये माझा डावा स्तन गेला. पुढे दुसऱ्या एका सर्जनने पोटावरचं मांस वर आणून तिथे नवा उंचवटा करून दिला. पोट सपाट झालं आणि छाती भरली, म्हणजे सौदा तसा वाईट नव्हता. पण त्या उंचवट्यावर बोंड नव्हतं. मी शिंपीण आहे. काजं-बटणं राहिलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची मला सवय नाही, आणि इथे मीच तसला कपडा रोज अंगावर वागवत होते.

बोंड गोंदून देणारी एक मुलगी आमच्या हॉस्पिटलात मधूनमधून यायची. डोक्याची एक बाजू भादरलेली, कानात बाळ्यांची रांग, आणि हात असा हलका की मी तिला माझ्या दुकानात ठेवून घेतलं असतं. तिच्याकडे नंबर लागता लागता वर्ष गेलं. एका सकाळी फोन आला, कुणीतरी आयत्या वेळी नाही म्हणालंय, येता का? मी कापडावर कात्री तशीच टाकून निघाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत.

काम झाल्यावर तिने आरसा समोर धरला. इतकं खरं दिसत होतं की मी बोट लावायला गेले. तिने माझा हात बाजूला केला.

"मावशी, ही जखम आहे," ती म्हणाली. "वर रंग दिसतो, पण खाली जखम आहे. ती भरेपर्यंत पोहायचं नाही, घाम निथळेल असा व्यायाम नाही, घट्ट कपडा नाही, काही घासता कामा नये. चालायला हरकत नाही. बाकी काहीही करायच्या आधी मला विचारा."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

आता होडीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची होडी लांब आणि अरुंद. दोन-दोन जणी एका बाकावर, प्रत्येकीच्या हातात एक वल्हं. पुढच्या टोकाला आमच्याकडे तोंड करून बसलेली ढोलवाली ठोका देते आणि मागे उभी राहून कप्तान सुकाणू धरते. होडीतली प्रत्येक बाई माझ्याच आजारातून उठलेली. शस्त्रक्रियेनंतर हात जड पडतो, सुजतो. वल्हवल्याने तो मोकळा होतो, म्हणून डॉक्टरांनीच आम्हाला तळ्यावर धाडलं. औषध म्हणून गेलो आणि व्यसन लागलं. वर्षातून एकदा शर्यत असते, आणि आमचा नंबर खालून मोजला तर लवकर सापडतो.

माझ्या बाकावर, माझ्या उजव्या हाताला, गणितबाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, काटक, जिभेला धार. मी वल्हवताना गप्पा मारायला लागले की "तोंड बंद, हात चालू" म्हणायच्या आणि स्वतः मात्र पुटपुटत ठोके मोजायच्या. मी पहिल्यांदा तळ्यावर गेले तेव्हा काठावरच बसून राहिले होते. डोक्यावर केस नाहीत, अंगात जोर नाही, घरी परत जावं म्हणत होते. या बाईंनी येऊन माझ्या हातात वल्हं कोंबलं. "रडायचं तर होडीत बसून रड, तेवढंच वजन पुढे सरकेल," म्हणाल्या. माझ्यावर त्यांचं ऋण आहे ते तिथपासून.

यंदा त्यांचा आजार परत आला. यकृतात. नवी औषधं शर्यत झाली की लगेच सुरू व्हायची होती, आणि ती सुरू झाल्यावर पाणी, होडी, सगळं बंद. पुन्हा कधी, ते डॉक्टर सांगत नव्हते आणि बाई विचारत नव्हत्या. मला त्यांनी एकदाच सांगितलं, "ही शर्यत मला तुझ्याबरोबर वल्हवायची आहे. पुढचं पुढे." बाईंनी माझ्याकडे आजवर मागितलेली ही एकच गोष्ट.

तुम्ही म्हणाल, मग शर्यत तीन आठवड्यांवर आलेली असताना गोंदवायला कशाला गेलीस? बरोबर आहे तुमचं. पण मला वाटलं, मी पोहणार थोडीच आहे, मी तर होडीत बसणार आहे. तिने पोहायचं नाही म्हटलं होतं, ते मी पाळणारच होते. आपल्याला सोयीचं तेवढं ऐकायचं आणि उरलेलं दुसऱ्या कानाने सोडून द्यायचं, ही माझी जित्याची खोड.

दोन दिवसांनी सराव होता. मी लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि बसले. ऊन चांगलंच होतं. पुढच्या जोडीच्या वल्ह्यांचं पाणी अंगावर उडत होतं, जॅकेटच्या आत घामाच्या धारा. प्रत्येक खेपेला पुढे वाकायचं, ओढायचं, सरळ व्हायचं, आणि जॅकेट छातीवरून खालीवर सरकत होतं. मला काहीसुद्धा दुखलं नाही. उलट वाटलं, भरलीसुद्धा जखम. ती पोरगी उगाच बाऊ करते.

आता यातली ग्यानबाची मेख ऐका. शस्त्रक्रियेनंतर त्या जागेची संवेदनाच गेलेली असते. तिथे चिमटा घ्या, बर्फ ठेवा, कळत नाही. गोंदताना सुई चालली तीही मला कळली नव्हती. बाकीच्या जगाला दुखतं, म्हणून ते थांबतं. माझं अंग त्या जागी मुकं होतं, आणि ते ओरडत नाही म्हणजे सगळं आलबेल, असा हिशोब मी केला. आमच्या होडीतल्या कुणीही तोच केला असता.

घरी येऊन बनियन काढायला गेले तर ते निघेना. छातीला चिकटलं होतं. आरशात बघितलं तर पांढऱ्या कापडावर लाल-तपकिरी डाग आणि कडेने पाणी. मी नवऱ्याला हाक मारली.

माझा नवरा वीजकाम करतो. घरोघरी जाऊन तारा बदलणं, बटणं बसवणं. बोलणं मोजकं. ते आले, दारात थबकले. ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी कपडे बदलले नव्हते. पाठ करायची, नाहीतर दार लावून घ्यायची. त्यांनीही कधी विषय काढला नव्हता. आज मी दिव्याखाली तशीच उभी होते आणि लाजायला वेळ नव्हता.

"ओढू नकोस," ते म्हणाले. कोमट पाणी आणलं, स्वच्छ फडकं भिजवलं आणि कापड ओलं करत, टोकापासून एकेक धागा सोडवत बसले. मला कळत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कापड सुटल्यावर त्यांनी वाकून नीट बघितलं.

"झकास केलंय की तिने," ते म्हणाले. "फक्त खालच्या अंगाला सोललंय."

मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. प्रत्यक्षात मी म्हणाले, "बघत काय बसलात, फोन लावा तिला."

गोंदणारीने फोटो बघितला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, मी काय काय सांगितलं होतं?"

"पोहायचं नाही."

"आणि?"

मग तिनेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सौम्य साबण, कोमट पाणी, टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. मलम अगदी पातळ, लोण्यासारखं थापायचं नाही. कपडा सैल आणि सुती. आणि सकाळ झाली की पहिल्यांदा हॉस्पिटलात दाखवायचं.

हॉस्पिटलातल्या सिस्टरने मला खुर्चीत बसवून झापलं. त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या आहेत, तिथून जंतू शिरले असते तर हात भोपळ्याएवढा सुजला असता, आणि तो उतरायला महिनेच्या महिने लागले असते. थोडक्यात निभावलं होतं. लाली पसरली, जागा गरम लागली, पू दिसला, ताप आला, की तडक यायचं. आणि वल्हं? कातडी पुरती धरेपर्यंत वल्ह्याचं नाव काढायचं नाही. शर्यतीच्या दिवशीही नाही.

मी चिडले. कुणावर ते सांगता येईना, म्हणून सगळ्यांवर चिडले. नवऱ्यावर, सिस्टरवर, दुकानात ब्लाउज न्यायला आलेल्या एका बिचारीवर. मग रागाचा जोर ओसरला आणि खरी गोष्ट उरली. बाईंना सांगायला हवं होतं.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बाई खिडकीशी बसून आकड्यांचं कोडं सोडवत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"गाढव आहेस," त्या म्हणाल्या.

"आहे."

"दुखलं नाही अजिबात?"

"काहीच कळलं नाही बाई."

"मलाही तिथे कळत नाही. मध्यंतरी गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपले होते, उठून बघते तर फोड." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे दोन गाढवं."

आम्ही दोघी हसलो. हसू संपल्यावर त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मग मी आता कुणाशेजारी बसू?" त्या शाळामास्तरणीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तिथून मी सरळ तळ्यावर गेले. कप्तान होडीला पॉलिश करत होती. तिने ऐकून घेतलं, फडकं झटकलं आणि म्हणाली, "ताई, तुला होडीत यायचंय की वल्हवायचंय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

आमची ढोलवाली टपाल वाटते, दिवसभर सायकल मारते, अंगाने काडी पण हातात ताकद. तिने माझ्या जागी बसून वल्हवायचं आणि मी ढोलावर, असं ठरलं. ढोलवालीवर पाणी कमी उडतं, तिला घाम गाळावा लागत नाही, आणि ढोल एका हाताने वाजतो. अडचण एकच, आणि कप्तानने पुढच्या सरावाच्या वेळी ती सगळ्यांसमोर काटा मांडून दाखवली. होडीत वजनाची लाज धरून चालत नाही. मी पुढच्या टोकाला बसले तर होडीचं नाक पाण्यात जाणार. "नाक काय, कानसुद्धा जातील," ढोलवाली म्हणाली. मग पुढच्या बाकावरच्या दोन भारदस्त बायका मागे गेल्या आणि गणितबाईंची जागा सर्वांत पुढच्या बाकावर आली, ढोलाच्या अगदी समोर.

या खेपेला मी आधी फोन केला. "विचारतेय हं," मी गोंदणारीला म्हणाले. "ढोल वाजवलेला चालेल?"

"कोणत्या हाताने?"

"उजव्या. डावा मांडीवर."

तिने विचार केला. "त्या दिवशी सकाळी फोटो पाठवा. खपल्या गेलेल्या हव्यात, कुठे ओल नको, कातडी बंद हवी. छातीवर पट्टा नको. भिजलात तर काठाला लागल्याबरोबर धुऊन कोरडं करायचं. आणि मी नाही म्हटलं तर नाही."

"नाही म्हणालीस तर नाही," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताक फुंकायची पाळी होती.

मग सुरू झाला माझा सभ्य व्यायाम. पहाटेच्या गारव्यात नवऱ्याबरोबर चालायला जायचं, घाम फुटायच्या आत परतायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. पाय उचलायचे, टाचा उचलायच्या. आल्यावर बनियन लगेच बदलायचं. वल्हं मारणाऱ्या बाईला हे म्हणजे पेन्शनरांची कवायत वाटते, पण मी मुकाट्याने केली. दुपारी दुकानात पालथ्या बादलीवर उजव्या हाताने ठोका धरायचा. शेजारच्या चहावाल्याने दोनदा येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून. छातीसाठी मी मऊ सुताची एक सैल कंचुकी शिवली, शिवणी सगळ्या बाहेरून, आत टाक्याची गाठ लागू नये म्हणून. आणि कप्तानने बचाव-होडीवरच्या पोरांकडून कमरेला बांधायचं, दोरी ओढली की फुगणारं जॅकेट उसनं आणलं.

सकाळ-संध्याकाळ नवरा तपासणी करायचा. मला कळत नव्हतं, तेव्हा कुणाला तरी कळायला हवं होतं. कामाची बॅटरी घेऊन यायचे, चष्मा चढवायचे, हात धुऊन बोटांची मागची बाजू कडेकडेने टेकवायचे. "लाल नाही. गरम नाही. ओल नाही." घरच्या वायरिंगचा अहवाल द्यावा तसे. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते. नंतर उघडे ठेवायला लागले. एकदा तपासून झाल्यावर ते बॅटरी बंद करून तसेच बसून राहिले आणि म्हणाले, "इतके दिवस मला वाटायचं, तुला माझाच हात नको झालाय." मी त्यांचा हात धरून ठेवला. एवढ्या मोठ्या आजारातून उठताना मी सगळ्यांचे आभार मानले होते, डॉक्टरांपासून वॉर्ड झाडणाऱ्या बाईपर्यंत. घरातल्या माणसाचे राहून गेले होते. ते मी त्या दिवशी मानले, चांगले तोंडाने बोलून.

खपल्या सुटल्या, खाली नवी कातडी आली, पातळ, चकचकीत. शर्यतीच्या सकाळी फोटो पाठवला आणि फोन हातात धरून बसले. उत्तर आलं, "ढोल हो. वल्हं नाही. बाईंना माझा नमस्कार सांगा." त्या पोरीला मी बाईंबद्दल किती वेळा सांगितलं होतं, मला आठवतसुद्धा नाही.

तळ्यावर गणितबाई आधीच आल्या होत्या. चेहरा पिवळट, जॅकेटमध्ये अंग हरवलेलं. ढोलवाली त्यांच्या शेजारी माझ्या जागेवर बसली, मी पुढे ढोलाशी, त्यांच्याकडे तोंड करून. आमचे गुडघे जवळजवळ टेकत होते.

"तू अशी समोर बसलीस की परीक्षा घ्यायला आल्यासारखी वाटतेस," बाई म्हणाल्या.

"तोंड बंद, हात चालू," मी म्हणाले. त्यांनी भुवई वर केली, पण ऐकलं.

भोंगा वाजला आणि आम्ही सुटलो. मी ठोका देत होते आणि वल्ही एकदम पाण्यात जात होती, एकदम वर येत होती. बाई पुटपुटत मोजत होत्या, त्यांचे ओठ मला दिसत होते. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी त्यांचा फक्त खांदा ओळखत होते. अर्धं पाणी सरलं आणि त्यांचे ओठ थांबले. मग त्यांचा रंग उतरला. वल्हं पाण्यात जात होतं, पण त्याला ओढ नव्हती. मागे बसलेल्या कुणालाच ते दिसत नव्हतं. शेजारच्या ढोलवालीलाही नाही. ते फक्त मला दिसत होतं.

मी ठोका हळू केला. मागून कप्तान ओरडली, "ताई, वाढव." मी ऐकलं नाही. शर्यत गेली खड्ड्यात, बाईंच्या हातून वल्हं सुटता कामा नये. हळूहळू सगळी होडी मंदावली, आणि एक होडी आमच्या बाजूने पुढे निघून गेली.

तेव्हा बाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि डोकं हलवलं, एकदाच. नाही. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघत होत्या. त्यांना सांभाळून नेलेलं नको होतं. त्यांना शर्यत हवी होती.

मी ठोका वाढवला. मला रडू फुटलं आणि ते आवरायला हात मोकळा नव्हता. डावा मांडीवर ठेवायचा होता, उजव्यात टिपरू होतं. सगळ्या होडीसमोर तोंड वेडंवाकडं करत, नाक गळत, मी ठोका देत राहिले. बाई माझ्यावरची नजर काढत नव्हत्या. दर ठोक्याला वल्हं पाण्यात, दर ठोक्याला बाहेर. त्यांनी एकही सोडला नाही. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा आमच्या मागे एकच होडी होती.

वल्ही खाली पडली. बाई पुढे वाकून ढोलावर डोकं टेकून बसल्या. पाठ भात्यासारखी हलत होती. मी वाकून त्यांच्या मानेवर हात ठेवला. तसंच डोकं ठेवून त्या बोलल्या.

"मधे मी वल्हं सोडणारच होते."

"दिसलं मला."

"तू शेजारी असतीस तर सोडलं असतं. तुला सांगितलं असतं, तू ओढ, मी बसते. आणि तू ओढलंही असतंस माझ्या वाटचं." त्यांनी श्वास घेतला. "पण समोर तू अशी भोकाड पसरून बसलेली, आणि ठोका एकही चुकत नव्हता. मग मला सोडता येईना."

"आभारी आहे बाई," मी म्हणाले. "त्या दिवशी काठावरून उठवलंत, त्याबद्दल. राहिलंच होतं म्हणायचं."

त्यांनी डोकं वर केलं. चेहरा ओला होता, पाण्याने की कशाने ते मी विचारलं नाही.

"सोमवारी औषधं सुरू होतायत," त्या म्हणाल्या. "मी एकटीच जाणार होते. तू येशील?"

"येते," मी म्हणाले. "पण तिथे मी शेजारी बसणार नाही."

"मग?"

"समोर बसणार. तुमच्याकडे तोंड करून."

बाईंनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि होडी काठाला लागेपर्यंत सोडला नाही.